खळ्यावरची व्याख्या : गांजाच्या खुडणीचा आणि वाळवणीचा इतिहास

(१)

भांग, गांजा आणि चरस ही तीन वेगवेगळ्या झाडांची नावे आहेत, अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत असते. वस्तुतः झाड एकच आहे. लिनियसने १७५३ मध्ये त्याला ‘कॅनाबिस सटायव्हा’ असे नाव दिले. पुढे १७८५ मध्ये लामार्कने हिंदुस्थानातून गेलेल्या नमुन्यांवरून ‘कॅनाबिस इंडिका’ ही निराळी जात मानली. या दोन जाती की एकाच जातीचे दोन प्रकार, हा वाद वनस्पतिशास्त्रज्ञांनी नंतर बराच काळ चालवला. परंतु भांग, गांजा आणि चरस हा भेद त्या वादातला नाही. तो हाताच्या कामाचा भेद आहे. झाडाची पाने काढून वाळवली की ती भांग. मादी झाडाचे राळेने चिकट झालेले शेंडे खुडून, त्यांची पाने झाडून, वाळवून आणि दाबून घेतले की तो गांजा. ती राळच झाडापासून वेगळी केली की चरस. म्हणजे शेतात उगवते ते झाड. गांजा तयार होतो तो खळ्यावर.

इतके साधे विधान एवढ्या आवर्जून करण्याचे कारण असे की, आज आपल्या देशात लागू असलेली गांजाची कायदेशीर व्याख्या याच खळ्यावरच्या कामाचे शब्दांकन आहे. व्याख्या राहिली आणि खळे विस्मरणात गेले. त्यामुळे ती वाचणाऱ्यांना तिच्यातला एक कंस अनाकलनीय वाटतो, आणि त्या कंसाच्या अर्थावर काही माणसांची आयुष्याची वर्षे अवलंबून असतात. प्रस्तुत लेखाचा हेतू गांजाची भलामण करण्याचा नाही, तसाच त्याच्या निषेधाचाही नाही. कापणीनंतर या झाडाचे काय केले जात असे आणि त्या कामाचा शब्द, कर आणि शिक्षा यांच्याशी कसा संबंध आला, एवढेच पाहायचे आहे.

(२)

या कामाची विस्तृत नोंद आपल्याला मिळते ती एका चौकशीमुळे. २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये डब्ल्यू. एस. केन या मद्यपाननिषेधवादी सभासदाने बंगालमधील गांजाच्या लागवडीविषयी प्रश्न विचारला. त्यातून त्याच वर्षी जुलैमध्ये हिंदुस्थान सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सभासदांत मुंबई इलाख्यातील पंचमहालचे कलेक्टर ओमनी, पुढे बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झालेले अँड्र्यू फ्रेझर, आणि कलकत्त्याचे रसायनशास्त्रज्ञ सर्जन-मेजर वॉर्डन. हिंदी सभासद तीन : ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. एकूण १,१९३ साक्षीदारांची मते घेऊन १८९४ च्या ऑगस्टमध्ये सिमल्याला अहवाल पुरा झाला.

या अहवालाचा निष्कर्ष सर्वपरिचित आहे. माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही, सरसकट बंदी आवश्यक नाही आणि इष्टही नाही. कर, परवाने आणि लागवडीवर नियंत्रण यांनी वापर आटोक्यात ठेवावा, असे बहुमत पडले. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद यांनी आपली भिन्न मते स्वतंत्रपणे नोंदवली. अहवालाचा उल्लेख करणारे बहुतेक लेखक या निष्कर्षापाशी येतात आणि तेथेच थांबतात. परंतु माझ्या मते त्याचा मोलाचा भाग निष्कर्षात नसून लागवड आणि तयारी या विषयांवरील प्रकरणांत आहे. त्यामागे आणखी दोन कागद उभे आहेत : हेमचंद्र केर यांचा १८७७ चा बंगालमधील गांजाविषयीचा अहवाल आणि डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाचा १८९३ चा अहवाल. हेच प्रेन पुढे लंडनजवळच्या क्यू उद्यानाचे संचालक झाले. या तिघांनीही शेतकऱ्यांच्या पायांकडे आणि बोटांकडे बारकाईने पाहिले आहे. इंग्रजी राजवटीच्या कागदांत हे क्वचितच घडते, आणि येथेही ते घडले ते महसुलासाठी, हे विसरून चालणार नाही.

(३)

बंगालमध्ये गांजाची अधिकृत लागवड एका मर्यादित टापूत होत असे. राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा हे तीन जिल्हे जेथे भिडतात, तेथील नौगावच्या आसपासचा हा प्रदेश. त्याला ‘गांजा महाल’ म्हणत. (वर उल्लेखिलेले ताहिरपूर याच राजशाही जिल्ह्यातले.) आज हा भाग बांगलादेशात आहे.

पावसाळ्यात रोपे तयार करायची, पाऊस ओसरल्यावर ती शेतात लावायची आणि हिवाळा सरताना कापणी करायची, असा क्रम. पण कापणीपूर्वी, साधारण नोव्हेंबरात, एक माणूस शेतात येई. त्याला ‘पोद्दार’ किंवा ‘पारखदार’ म्हणत. इंग्रजी कागदांत त्याचा ‘गांजाचा डॉक्टर’ असाही उल्लेख आहे. झाडाला फुलोरा नुकता दिसू लागलेला असताना, ओळीओळीतून फिरून, नर झाडे ओळखून उपटून टाकणे हे त्याचे काम. नर झाडाचे पराग मादी झाडापर्यंत पोचले की मादी झाड बी धरते. तसे झाले की गांजाची प्रत गेली. एका शेतात चुकून राहिलेले नर झाड शेजारच्या शेताचेही नुकसान करी. त्यामुळे पोद्दाराची नजर ही साऱ्या शिवाराची गरज होती.

मराठी वाचकाने ‘पोद्दार’ या शब्दापाशी क्षणभर थांबावे. आपल्याकडचा ‘पोतदार’ तो हाच. पेशवाईत आणि नंतरही नाणे खरे की खोटे हे पारखणारा माणूस म्हणजे पोतदार. टांकसाळीजवळचा हा शब्द बंगालच्या शेतात जाऊन नर-मादी पारखणाऱ्याला लागला, यात त्या कामाची किंमत शेतकऱ्यांनी कशी जोखली होती ते दिसते. गंमतीची गोष्ट अशी की, शेतकऱ्यांच्या बोलीत लिंगांची नावे उलटी होती : उपटून टाकायच्या नर झाडाला ते ‘मादी’ म्हणत आणि पीक देणाऱ्या मादी झाडाला ‘मर्द’. युरोपातही अंबाडीसारखी या झाडाची लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांनी अशीच उलटापालट केलेली आढळते. जे झाड भरदार आणि फायद्याचे, ते पुरुष, असा हा हिशेब. भाषेतले लिंग वनस्पतिशास्त्र पाहून ठरत नाही, हे व्याकरण शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना नवे नाही; पण इतके उघडे उदाहरण विरळाच.

(४)

आता कापणीनंतरचे काम. सकाळचे दव उडाल्यावर झाडे कापून गावाबाहेरच्या एका गवताळ, सपाट जागी आणत. या जागेला ‘चातर’ म्हणत. तेथे ती उन्हात पसरत आणि रात्री तशीच उघड्यावर, दवात राहू देत. दुसऱ्या दिवशी निवड सुरू होई. ज्यांच्यावर भरघोस फुलोरा आहे त्या डहाळ्या ठेवायच्या. मोठी पाने, जाड काड्या आणि फुलोरा नसलेले भाग टाकायचे. हीच खरी खुडणी. पुढच्या सगळ्या कामाचा पाया या निवडीवर असे, कारण एकदा डहाळ्या दाबून चिकटल्या की आतली काडी बाहेर काढता येत नसे.

यानंतर मालाचे दोन मार्ग होत. ‘चपटा’ गांजा करायचा असेल तर डहाळ्या चटईवर वर्तुळात मांडत : शेंडे आत, देठ बाहेर, एकीवर दुसरी किंचित चढलेली. मग माणसे एकमेकांच्या आधाराने त्या वर्तुळावरून फिरत आणि पायांनी शेंडे दाबत. एक पाय डहाळी धरून ठेवी, दुसरा तिच्यावरून दाबत खाली सरके. राळ चिकट असल्याने शेंडे बसत आणि चपटे होत. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. थर लावण्यापूर्वी डहाळ्या झटकून सुटी पाने आणि चुकून धरलेले बी पाडून टाकत. शेवटी ढिगावर चटई टाकून भार देत. ढिगात ऊब धरे. हिरवा रंग मावळून तपकिरी छटा येई. नंतर ढीग मोडून डहाळ्या पुन्हा उन्हात, पुन्हा पायांखाली, असे चाले.

‘गोल’ गांजाला मेहनत अधिक. त्यासाठी डहाळ्या अधिक काटेकोरपणे छाटत, जाड देठ जवळजवळ राहू देत नसत. आडव्या बांधलेल्या बांबूला हातांनी धरून माणसे ओळीने उभी राहत आणि पायांखाली डहाळ्या पुढेमागे लाटत, तोवर की शेंडे वातीसारखे गोल आणि घट्ट होत. या साऱ्या खटाटोपात जे तुकडे सुटून पडत ते गोळा केले की तो ‘चूर’. त्यात देठ नसल्यातच जमा, म्हणून तो वजनाला सर्वांत महाग.

पुस्तकात वाचताना हे वर्णन एखाद्या समूहनृत्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती थंडीतली, दिवसदिवस चालणारी, चिकट राळेने तळपाय माखणारी मजुरी होती. पोद्दाराच्या धंद्याला निदान नाव मिळाले; तुडवणाऱ्यांच्या वाट्याला तेही फारसे आले नाही.

(५)

आपल्या भागातही हे पीक होते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा गांजाच्या लागवडीसाठी प्रसिद्ध होता. साताऱ्याच्या आणि सोलापूरच्या बाजूलाही थोडीफार लागवड होई. आपल्या सीमेला लागून असलेल्या निमाडातील खांडव्याचा गांजा तर दूरदूरच्या बाजारांत जाई. बंगालसारखा एकच बंदिस्त टापू इकडे नव्हता. कमिशनची चौकशी झाली तेव्हा मुंबई इलाख्यात लागवडीवर बंगालइतकी कडक देखरेखही नव्हती. अहवालानंतर तीही परवान्याखाली आणि ठराविक भागात आणण्याचे धोरण आले.

नगरकडची पद्धत बंगालपेक्षा सोपी होती. फुलोऱ्याचे शेंडे काढून खळ्यावर पसरायचे, उन्हात वाळू द्यायचे, मग काही दिवस रोज उलथून पायांनी तुडवायचे, म्हणजे पाला आणि बी सुटून खाली राहते आणि शेंडे दबून वर उरतात. खळे हे आपल्या शेतकऱ्याचे परिचित स्थान. ज्वारी-बाजरीची मळणी तेथेच. परंतु एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा. ज्वारीच्या मळणीत दाणा हवा असतो आणि भूस उडवायचे असते. गांजाच्या मळणीत दाणा हाच कचरा. बी जितके कमी तितका माल उंची. तीच जागा, तेच पाय, पण हवे-नकोचे माप पूर्ण उलटे. शेतकऱ्याला या उलट्या मळणीचे काही वाटले असेल का, हे सांगायला त्याने स्वतः लिहिलेले काही आपल्यापाशी नाही.

मराठी साहित्यात याचा माग काढावा म्हटले तर हाती थोडेच लागते. माझ्या वाचनात गांजा येतो तो चिलमीच्या रूपात : बैरागी, गोसावी, तमाशाच्या फडामागची मंडळी, चावडीवरचा गांजेकस. तो ओढला जाताना दिसतो, तयार होताना दिसत नाही. कमिशनसाठी ग्रियर्सन यांनी संस्कृत आणि हिंदी वाङ्मयातील या झाडाच्या उल्लेखांवर टिपण तयार केले आणि ते १८९४ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त छापूनही आले. मराठीच्या बाबतीत तसे काम झाले असते तर त्यात खळ्याचा उल्लेख सापडला असता की नाही, याविषयी मी साशंक आहे. आपल्या लेखणीने व्यसनाकडे नेहमी नीतीच्या बाजूने पाहिले. श्रमाच्या बाजूने पाहण्याचे तिला सुचले नाही.

(६)

या खुडणीमागचे शास्त्र त्या शेतकऱ्यांना पुस्तकातून ठाऊक नव्हते, पण त्यांचे हात त्यानुसारच चालत होते. या झाडाची राळ सर्वत्र सारखी नसते. मादी फुलांना वेढणाऱ्या लहान पर्णकांवर सूक्ष्म ग्रंथी असतात आणि राळ मुख्यतः त्यांत साठते. मोठ्या पानांवर ती पुष्कळ कमी, आणि काडीत व बियांत जवळजवळ नाहीच. म्हणून पान झाडून टाकायचे आणि शेंडा राखायचा. फलन झाले की झाड आपली शक्ती बियांकडे वळवते. म्हणून पोद्दार. आज अमेरिकेत बीविरहित गांजाला ‘सिनसेमिया’ हे स्पॅनिश नाव मिरवत असले तरी ती युक्ती नौगावच्या आणि खांडव्याच्या शेतांत शतकापूर्वी नित्याची होती.

वाळवणीचेही तसेच. ओला पाला ढिगात राहिला तर त्याला बुरशी धरते. अति कडक उन्हात राळ ठिसूळ होऊन ग्रंथी झडतात. ऊन, दव, ढीग आणि पुन्हा ऊन या क्रमाने ओलावा टप्प्याटप्प्याने उतरे. पुढचा धोका काळाचा. गोदामातला जुना गांजा निःसत्त्व होतो हे व्यापाऱ्यांना आणि अबकारी खात्याला चांगले ठाऊक होते, आणि न विकलेला जुना माल जाळून टाकण्याची रीत बंगालमध्ये होती. १८९६ मध्ये केंब्रिजच्या वुड, स्पिव्ही आणि ईस्टरफिल्ड या रसायनशास्त्रज्ञांनी चरसातून ‘कॅनाबिनॉल’ वेगळे केल्याचे जाहीर केले. नशेचे मुख्य द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हे शुद्ध रूपात ओळखले गेले ते १९६४ मध्ये, इस्रायलमधील गाओनी आणि मेशूलम यांच्या हातून. आज आपल्याला कळते की कॅनाबिनॉल हे बहुतांशी त्या मुख्य द्रव्याच्या जुने होण्यातून, हवेशी संयोग होऊन तयार होते. म्हणजे शास्त्रज्ञांच्या हाती आधी लागले ते साठवणीत घडलेल्या ऱ्हासाचे फळ.

(७)

येथवर आपण खळ्यावर होतो. आता तराजूपाशी यावे लागेल, कारण सरकारला खळ्यात रस होता तो तराजूमुळेच.

गांजावरील कर वजनावर बसे. परंतु वजन कशाचे? चपट्या गांजात देठ अधिक, गोल गांजात कमी, चुरात नाममात्र. तिन्हींवर सारखाच दर लावला तर चपटा ओढणारा गरीब माणूस काड्यांवर कर भरतो आणि चूर विकणारा व्यापारी सुटतो. म्हणून बंगाल सरकारने तीन प्रकारांना तीन दर ठेवले : चपट्याला सर्वांत कमी, गोलाला त्याहून अधिक, चुराला सर्वाधिक. पान आणि काडी किती काढली, या एका गोष्टीवर महसुलाची पायरी ठरली. वाळताना वजन घटते, म्हणून साठवणीतल्या तुटीचा हिशेबही ठेवावा लागे. थोडक्यात, एकोणिसाव्या शतकातील अबकारी अंमलदाराला एक गोष्ट पक्की समजलेली होती : ओले झाड, वाळलेली डहाळी, छाटलेला शेंडा आणि चूर यांचे वजन ही चार वेगळी वजने आहेत, आणि त्यांना एका मापात घालणे हा अन्याय तर आहेच, शिवाय ते सरकारच्या तोट्याचेही आहे.

शेवटची खुडणी मात्र सरकारच्या तराजूपलीकडे होई. ओढणारा माणूस गांजाची चिमूट तळहातावर घेई, राहिलेली काडी आणि बी निवडून टाकी, थोडे पाणी घालून मळी, तंबाखूत मिसळी आणि चिलमीत भरी. खळ्यावर सुरू झालेले काम तळहातावर संपे.

नौगावात १९१७ मध्ये गांजा उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली. स्वातंत्र्य, फाळणी आणि बांगलादेशाची निर्मिती या सर्वांतून तेथील अधिकृत लागवड टिकली, आणि १९८७ मध्ये ती बंद झाली.

(८)

आता कायद्याचे शब्द पाहू. १९२५ च्या जिनिव्हा करारात ‘इंडियन हेम्प’ची व्याख्या अशी आली की, ज्यांतून राळ काढून घेतलेली नाही असे मादी झाडाचे वाळलेले, फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे, मग व्यापारात त्यांना कोणतेही नाव असो. वाळलेले, मादी झाडाचे, शेंडे : हे तीन शब्द म्हणजे पोद्दार, खुडणी आणि वाळवण यांचा सारांश आहे, आणि ‘कोणतेही नाव असो’ या शब्दांत चपटा, गोल आणि चूर सारेच सामावले. यानंतर हिंदुस्थानात १९३० चा डेंजरस ड्रग्ज ॲक्ट आला. त्याने मात्र पाने, बारीक काड्या आणि शेंडे अशी सारी अंगे एकाच व्याख्येत घातली. खळ्यावर वेगळे केलेले कायद्याने पुन्हा एकत्र केले.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात वेगळी वाट निघाली. ‘कॅनाबिस’ म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यातून वगळाव्या, असे ठरले. त्यामुळे भांगेला वाट मोकळी राहिली. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने हीच व्याख्या गांजासाठी घेतली : झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे (शेंड्यांसोबत नसतील तेव्हा बिया आणि पाने वगळून), त्यांना कोणत्याही नावाने ओळखले जात असो. हाच तो कंस. त्यात खळ्यावरची अख्खी सकाळ आहे. पान शेंड्याला लागून असेल तर गांजा. झाडून वेगळे पडले तर नाही.

यानंतर वजन आले. २००१ च्या दुरुस्तीनंतर गांजासाठी एक किलोहून कमी ते ‘अल्प प्रमाण’ आणि वीस किलोंहून अधिक ते ‘व्यापारी प्रमाण’ ठरले. अल्प प्रमाणाला आज कमाल एक वर्ष; मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत; व्यापारी प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, शिवाय जामीन मिळणे अतिशय कठीण. बंगालच्या अबकारी खात्याने देठाच्या प्रमाणानुसार दराच्या तीन पायऱ्या केल्या होत्या. आपल्या कायद्यानेही तीन पायऱ्या केल्या, पण त्या निव्वळ वजनाच्या. काय तोलायचे हे व्याख्येतील कंसावर सोडले.

आणि तो कंस तराजूपाशी अनेकदा विसरला जातो. पोत्यात पाने, काड्या, बिया आणि शेंडे एकत्र कोंबलेले असतात. पंचनाम्यात सर्वांचे मिळून एक वजन लिहिले जाते. उपटलेली झाडे कधी ओली, मुळांसकट तोलली जातात. शेंडे वेगळे काढून तोलले असते तर आकडा वीस किलोंच्या आत आला असता, असा युक्तिवाद मग न्यायालयात होतो. मुंबई उच्च न्यायालयासह निरनिराळ्या न्यायालयांच्या जामीन-आदेशांत या प्रश्नाची चर्चा वारंवार झालेली आहे. काही ठिकाणी वेगळे वजन नसल्याचा फायदा आरोपीला मिळाला, काही ठिकाणी तो मुद्दा खटल्याच्या सुनावणीवर सोपवला गेला. तोवर आरोपी आत असतो.

(९)

आपल्या राज्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूरसारख्या तालुक्यांत, कपाशीच्या आणि तुरीच्या आड लावलेली ही झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत पुनःपुन्हा आल्या आहेत. लागवडीचा गुन्हा वजनावर अवलंबून नाही. त्याला वेगळे कलम आहे आणि दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परंतु वाळवलेला माल वाहून नेताना सापडणारा, बहुधा दुसऱ्याच्या पैशावर पोते उचलणारा माणूस हा वजनाच्या पायरीवर उभा असतो. त्या पोत्यात काय आहे, हे खळ्यावरचा मजूर हाताने चाचपून सांगू शकला असता.

माझे म्हणणे एवढेच आहे. कायदा कडक असावा की सौम्य, हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे आणि त्यावर प्रामाणिक मतभेद संभवतात. पण ज्या कायद्याने शेंडा आणि पान यांत भेद केला आहे, त्याच्या अंमलबजावणीत तो भेद प्रत्यक्ष केला गेला पाहिजे. तसे करणे अशक्य नाही. पान, काडी आणि शेंडा यांचे वेगळे वजन हे नौगावच्या गोदामातला कारकून सव्वाशे वर्षांपूर्वी ध्यानात घेत होता, कारण त्यात सरकारचे रुपये-आणे गुंतलेले होते. आज त्यात माणसाची वर्षे गुंतलेली आहेत.

खुडणी आणि वाळवण ही कामे इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाहीत. पिकाचा इतिहास लिहिणारे पेरणीपासून बाजारापर्यंत एका उडीत जातात आणि मधले खळे गाळतात. पण निदान या एका पिकाच्या बाबतीत तरी ते गाळून चालणार नाही. चातरावर फिरणाऱ्या पायांनी जो भेद केला तोच पुढे करारात आणि कायद्यात शब्द होऊन बसला आहे, आणि तो शब्द वाचताना आपल्याला त्या पायांपर्यंत मागे जावे लागते.